वालावल ते कुडाळ: कर्लीच्या काठाने सपाट चाल

कोकण रेल्वे बांधताना चढाची मर्यादा १५० ला १ अशी ठेवली होती. म्हणजे १५० मीटर पुढे गेल्यावर फार तर १ मीटर वर. एवढा चढ पायाला कळतही नाही. परदेशात बंद पडलेल्या मार्गांवरचे रूळ काढून तिथे चालायच्या वाटा करतात त्या याचसाठी. गुडघे दुखणारे आजोबा आणि पाच वर्षांचं नातवंड दोघंही त्यावरून आरामात जातात. आपल्याकडे मात्र ही सोय नाही. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला आणि तो आजही गाड्यांनी भरलेला आहे. त्या रुळांवरून किंवा रुळांलगत चालायचा विचार मनातही आणू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, विजेवरची गाडी वळणाआडून येते तेव्हा आवाज फार उशिरा पोचतो. समोर बोगदा किंवा पूल असला तर बाजूला व्हायला जागाच नसते.

मग कोकणात सपाट वाट शोधायची कुठे? जिथे पाण्याने जमीन एका पातळीत ठेवली आहे, किंवा पाण्यासाठी माणसाने ती तशी ठेवली आहे, तिथे. नदीकाठचे मळे, खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेले खारबांध, कालव्यालगतचा सेवा रस्ता आणि जुन्या बंदरांकडे जाणाऱ्या वाटा, या चार जागा. यांच्यापासून बाजूला झालात की सडा (वरचं कातळाचं पठार), घाटी आणि पाखाडी (पायऱ्यांची चढण) सुरू.

इथे नमुन्यादाखल सिंधुदुर्गातली वालावल ते कुडाळ ही चाल घेतली आहे. कर्ली नदीच्या दक्षिण काठाने, वाटेत नेरूर. रस्त्याने अंतर १२-१३ किलोमीटर. काठाकडे उतरून परत वर येण्याचे फेरे धरले तर १६. हीच पद्धत कोकणातल्या कुठल्याही नदीला लागू पडते, फक्त नावं बदलतात.

चाल उलटी करा

बहुतेक जण कुडाळला उतरतात आणि तिथून वालावलकडे चालायला लागतात. सूर्य पाठीवर असतो आणि शेवटी लक्ष्मीनारायणाचं देऊळ, तळं, माडाच्या बागा असं सगळं देखणं काही मिळतं, म्हणून ते बरं वाटतं. अडचण संध्याकाळी येते. वालावलहून परतीची एसटी ठरावीक वेळीच असते, ती चुकली की रिक्षा मिळेपर्यंत देवळाच्या पायरीवर बसून राहायचं. कुडाळहून पुढे रेल्वे गाठायची असेल तर मग जीव टांगणीला.

त्यापेक्षा सकाळची एसटी पकडून आधी वालावलला जा आणि कुडाळकडे चालत या. जसजसं पुढे याल तसतशी वाहनं वाढत जातात. पाय दुखले तर नेरूरला थांबता येतं आणि शेवट जिथे होतो तिथे एसटी स्टँड, खानावळी, दवाखाना आणि स्टेशन सगळं आहे. सकाळी दोन तास ऊन डोळ्यांवर येतं एवढाच तोटा, त्याला पुढे झाप असलेली टोपी पुरते. शिवाय खाडीवर धुकं असतं तेव्हाच तुम्ही खाडीपाशी असता. हिवाळ्यात पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तोवर तो तोंडावर गार लागतो. ११ च्या सुमाराला वारा फिरतो आणि पश्चिमेचा खारा वारा पाठीवर येतो, नेमका तुम्ही दमलेले असता तेव्हा.

एसटीची वेळ मोबाइलवर शोधू नका. आदल्या दिवशी कुडाळ स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीवर विचारा: वालावलची पहिली गाडी किती वाजता, शनिवार-रविवारी ती सुटते का, आणि शाळांना सुट्टी असताना सुटते का. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गावांकडच्या कितीतरी फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात आणि दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत त्या गुपचूप बंद होतात. सकाळी सोयीची गाडी नसेल तर रिक्षा ठरवा, पण भाडं बसण्याआधी बोलून घ्या.

मुंबईहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच कुडाळला मुक्कामी यावं. रात्रीची कोकणकन्या सकाळी कुडाळला सोडते खरी, पण गाडी तासभर उशिरा आली की थंड वेळ निघून जाते आणि सगळी चाल उन्हात करावी लागते. आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. शिमगा आणि मे महिना असेल तर त्या दिवशी सकाळीच करा. पावसाळी वेळापत्रक असताना गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, त्या काळात कुठलंही जोड-वाहन घट्ट वेळेवर ठरवू नका.

स्टेशनच्या नावाबद्दल एक गोष्ट, दुसरा मार्ग आखणार असाल तर उपयोगी पडेल. नावापुढे ‘रोड’ असेल तर गाव लांब आहे असं समजा. राजापूर रोड, सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड, गोरेगाव रोड. आणि सिंधुदुर्ग नावाचं स्टेशन ओरोसला आहे, मालवणच्या किल्ल्यापाशी नव्हे. कुडाळ, कणकवली, खेड, चिपळूण ही स्टेशनं त्या मानाने गावाला धरून आहेत, म्हणून चालण्याचं एक टोक तिथे ठेवणं सोपं जातं.

दिवस कसा निवडायचा

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. त्याआधी भात कापलेलं नसतं, बांधांवर गवत कमरेइतकं असतं आणि ऑक्टोबरचं ऊन घाम काढतं. मार्चपासून दमटपणा वाढतो. पावसाळ्यात ही चाल करूच नका. नदी मळ्यात येते, व्हाळ (ओढे) ओलांडता येत नाहीत आणि लेप्टोच्या तापाचा धोका असतो. उंदरांच्या मुतातले जंतू चिखलपाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात जातात. सिंधुदुर्गात भातशेतीच्या दिवसांत दर वर्षी आरोग्य खातं त्याच्याबद्दल ओरडून सांगत असतं.

महिना ठरला की तिथी बघा. खाडीकाठी चालणाऱ्याला घड्याळाइतकंच कालनिर्णय लागतं. जुना हिशोब असा: तिथीला पाऊणने गुणा, उत्तर येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. चतुर्थीला ४ गुणिले पाऊण म्हणजे ३, दुपारी ३ ला आणि पहाटे ३ ला भरती. अष्टमीला ६ आणि ६. पौर्णिमा-अमावास्येला ११-१२ च्या आसपास. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशोब किनाऱ्यावरचा आहे. खाडीच्या आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो, म्हणून तासभर इकडेतिकडे धरा.

आता यातून काय निघतं ते पाहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला निघालात तर सकाळी ७ पासून पाणी चढतच जातं आणि दुपारी, तुम्ही काठावर असताना, उधाणाचं पाणी बांधाला लागतं. सप्तमी ते दशमी या तिथींना मात्र भरती पहाटे सव्वापाच ते साडेसातच्या दरम्यान होऊन जाते. तुमच्या चालीचा बराचसा वेळ पाणी उतरत असतं, आणि भांगाचे दिवस असल्यामुळे ते फार चढतही नाही, फार ओसरतही नाही. शुक्ल असो वा वद्य, दोन्ही पंधरवड्यांत हे दिवस येतात. त्यातला रविवार सापडला तर उत्तमच, नाही सापडला तर रजा टाकण्याजोगं कारण आहे.

सिंधुदुर्गात भरती-ओहोटीतला फरक मुंबईच्या साधारण निम्मा असतो. त्यामुळे रायगडच्या खाड्यांवर चालायची सवय असलेल्यांना इथलं पाणी सौम्य वाटतं. तरी व्हाळाच्या तोंडाशी अर्धा मीटर पाणी वाढलं की वाट बंद होते, हे दोन्हीकडे सारखंच.

कणा आणि फांद्या

वालावल ते कुडाळ काठाला चिकटून सलग पायवाट आहे असं समजून निघू नका. आगरं (माडाच्या बागा), गडगे (दगडी कुंपणं), कांदळवन आणि व्हाळ यांनी काठ तुकड्यातुकड्यांत तुटलेला आहे. डांबरी रस्ता हा कणा धरायचा, आणि जिथे पाणंद खाली नदीकडे जाते तिथे फांदीसारखं उतरून, काठाने जेवढं जाता येईल तेवढं जाऊन परत रस्त्यावर यायचं.

घरी बसून ही आखणी करायला दोन नकाशे लागतात. उपग्रहाचं चित्र दाखवणारा मोबाइलवरचा कुठलाही नकाशा आणि सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा. दुसऱ्यात समोच्च रेषा २० मीटरला एक असते. तुमची वाट एकही रेषा ओलांडत नसेल तर ती मळ्यातून आहे. एक ओलांडली तर छोटा चढ. लागोपाठ तीन ओलांडल्या तर ती वाट सड्यावर चढते आहे, तिथून पुन्हा उतरावं लागणार, ती सोडा. उपग्रहाच्या चित्रात गडद हिरवा, गुळगुळीत पट्टा पाण्याला लागून दिसतो तो कांदळवनाचा, तिथे वाट नाही. माडांचे ठिपके ओळीत दिसतात ते आगर, तिथे वाट आहे पण ती कुणाच्या तरी अंगणातून जाते. फिकट चौकोन म्हणजे कुणगे (भातशेतीचे तुकडे), त्यांच्या बांधांवरून चालता येतं.

गावांची आणि वाड्यांची नावंही नकाशाचं काम करतात. नावात ‘पार’ असेल तर तिथे पूर्वी तर (माणसांना पलीकडे नेणारी होडी) चालत असे, म्हणजे दोन्ही काठांना उतरण आहे. नेरूरपार त्यातलंच, आता तिथे पूल आहे आणि पलीकडे काळसे-धामापूरवरून रस्ता मालवणला जातो. ‘जुवा’ म्हणजे खाडीतलं बेट, तिकडे होडीशिवाय जाता येत नाही. ‘कोंड’ म्हणजे डोह. ‘सडा’ वाचलं की चढ आला समजा.

चुकतं ते बहुतेक व्हाळांच्या हिशोबात. नकाशावर नदीची रेघ मोजली, ९ किलोमीटर आली, दोन तासांत होईल असं वाटतं. पण दर किलोमीटर-दीड किलोमीटरला एखादा व्हाळ येऊन नदीला मिळतो. त्याचं तोंड चिखलाचं. साकव (लहान पूल) असतो तो वर, घरांच्या बाजूला. तिथवर जायचं, पलीकडे जायचं, पुन्हा खाली यायचं, यात प्रत्येकी अर्धा ते एक किलोमीटर जातो. म्हणून काठाच्या अंतरात निदान निम्मा भाग मिळवा आणि मगच वेळ धरा.

वेळेचा हिशोब

डांबरी रस्त्यावर सावकाश चालणारा माणूस तासाला ४ किलोमीटर जातो, बांधावरून अडीच. रस्त्याचे १३ किलोमीटर म्हणजे सव्वातीन तास, काठाचे ३ किलोमीटर म्हणजे सव्वा तास, थांबे सव्वा तास. एकूण पावणेसहा तास. वालावलहून ७ ला निघालात तर पाऊणला कुडाळ. बरोबर लहान मूल असेल तर सगळ्याला दीडने गुणा आणि सरळ नेरूरला संपवा. डिसेंबर-जानेवारीत इकडे सूर्य ७ च्या आसपास उगवतो, तेव्हा त्याआधी निघून धुक्यात रस्त्यावर चालण्यात शहाणपणा नाही. वाहनवाल्यांना तुम्ही दिसत नाही.

रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक चाला. वळणावर गाडीचा चालक आतल्या बाजूला झुकतो. उजवं वळण आंधळं असेल तर तेवढ्यापुरतं डाव्या कडेला जा. आणि तासन्‌तास एकाच कडेने चाललं की रस्त्याच्या उतारामुळे एक पाय सतत खाली पडतो, कंबर आणि बाहेरचा घोटा दुखायला लागतो. रिकामा सरळ टप्पा आला की मधोमध चालून घ्या.

वाट, टप्प्याटप्प्याने

सुरुवात लक्ष्मीनारायणाच्या देवळापासून. देऊळ, शेजारचं तळं आणि पलीकडे कर्लीची खाडी हे सगळं हाकेच्या अंतरात आहे. तळ्यात उतरू नका, देवळाचं पाणी आहे. इथे खाडी रुंद असते आणि पाणी खारं. पुढे पश्चिमेला हीच नदी देवबागपाशी समुद्राला मिळते, त्यामुळे समुद्राची प्रत्येक भरती इथे जाणवते. सकाळी ओहोटी लागलेली असेल तर कडेचा काळा चिखल उघडा पडतो आणि बगळे, ढोकऱ्या त्यात खेकडे शोधत असतात. पाऊलखुणा नीट पाहिल्यात तर पाणमांजराचेही ठसे मिळतील, आणि माशांची खवलं मिसळलेली विष्ठा मिळाली तर खात्रीच.

त्या काळ्या चिखलात मात्र पाऊल टाकू नका. वरून सुकलेला दिसतो, आत गुडघाभर खोल असतो. पाय रुतला तर झटका देऊन ओढू नका, चप्पल जाईल आणि दुसरा पायही रुतेल. मागे रेलून जवळजवळ बसा, काठी आडवी ठेवून तिच्यावर भार द्या, टाच हलवत हलवत पाय सोडवा.

खारबांधांवरून चालताना नजर पायाखाली. बांध आतून मातीचा, खाडीकडून दगडांनी बांधून काढलेला. खेकडे त्यात बिळं करतात, वरून गवत असतं आणि पाय घोट्यापर्यंत आत जातो. घोटा मुरगळतो तो इथेच. मधोमध चाला, कडेने नव्हे, कारण कडा पोकळ असतात आणि बांध ढासळला तर नुकसान शेतकऱ्याचं. एखाद्या ठिकाणी खांड पडलेली असेल तर उडी मारायचा मोह टाळा आणि मागे फिरा. पाणी सोडायच्या उघाडीवर लाकडी फळ्या असतात, त्यांच्यावर शेवाळ. एका वेळी एकानेच, सपाट पाऊल टाकत.

पूर्वेकडे सरकाल तसं पात्र अरुंद होतं. कांदळ विरळ होते, केवड्याची बनं येतात, मग करंज आणि बांबू. झाडं बदलली म्हणजे खाऱ्या पाण्याचा जोर संपत आला. पाण्यात हात घालून चव घेऊन बघायची गरज नाही, काठावर कपडे धुवायच्या फरशा दिसायला लागल्या की पाणी गोडं झालं.

नेरूर आलं असं पाटी सांगेल, पण नेरूर म्हणजे एक वस्ती नव्हे, वाड्यांचा मोठा पसारा आहे. ‘नेरूर कुठे’ असं विचारलंत तर उत्तर मिळेल, ‘हां काय, ह्याच.’ वाडीचं नाव किंवा कलेश्वराचं देऊळ विचारा. अंतर विचारायचं असेल तर किलोमीटरमध्ये विचारू नका, ‘चालत किती वेळ’ असं विचारा, आणि जो रोज चालतो त्याला विचारा. मोटारसायकलवाल्याचं ‘हयसरच’ (इथेच) चार किलोमीटरचं असू शकतं. कलेश्वराच्या आवारात सावली आहे, लांब थांबा इथेच घ्या. ज्यांना पुरे झालं त्यांनी इथूनच कुडाळची गाडी धरावी.

नेरूर ते कुडाळ हा टप्पा तुलनेने साधा. घरं वाढतात, रहदारी वाढते. नदीकडे जाणारी एखादी पाणंद सावलीची असते, ती सोडू नका. बाकीचं अंतर मुकाट्याने कापा.

व्हाळ ओलांडायचा असेल तर

साकव जवळ नाही आणि पाणी स्वच्छ, तळाचे दगड दिसतायत, खोली गुडघ्याखाली, अशा तिन्ही गोष्टी असतील तरच उतरा. बूट काढू नका, मोजे काढा. बूट सुकतात, तळव्याला शिंपला लागला तर पुढची चाल संपते. पिशवीचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे घसरलात तर ती टाकून देता येते. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे, एक पाय रोवल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. पाणी गढूळ असेल तर मागे फिरा. आणि भरतीच्या हद्दीतला व्हाळ तोंडापाशी ओलांडू नका. पन्नास-शंभर मीटर वर जा, जिथे चिखल संपून दगड सुरू होतात.

पाठीवर काय

पाणी माणशी २ लिटर. त्यातल्या एका लिटरमध्ये दोन मोठे चमचे कोकम आगळ आणि चवीपुरती साखर घाला. आगळात मीठ असतंच, घामातून गेलेलं भरून येतं. अमृत कोकम गोड असतं, त्यात मीठ नसतं, ते घ्यायचं तर चिमूटभर वरून घाला. सोलकढी बाटलीत भरून नेऊ नका, नारळाचं दूध उन्हात दुपारपर्यंत आंबतं. खायला खटखटे लाडू, शेंगदाणे, केळी. वाटेत कुणाच्या बागेत अडसर (शहाळं) उतरवून देतात, पैसे विचारून द्या, सुट्टे जवळ ठेवा. नेटवर्क नसलं की मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि देणारा संकोचाने ‘राहू दे’ म्हणतो.

बूट जुने, निदान ५० किलोमीटर चाललेले. नखं तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नव्हे. फोड येतो तो दमटपणा आणि घासणं एकत्र आल्यामुळे, म्हणून मोज्यांचा दुसरा जोड ठेवा आणि नेरूरला बदला. टाचेला चटका बसल्यासारखं वाटताक्षणी थांबून कागदी वैद्यकीय पट्टी लावा. ‘पुढच्या थांब्याला बघू’ म्हणणाऱ्याचा फोड पुढच्या थांब्याआधी फुटतो.

पँट पूर्ण लांबीची हवी. त्याचं पहिलं कारण खाजकुयली. डिसेंबरपासून तिच्या सोनेरी-तपकिरी, मखमली शेंगा कुंपणांवर लोंबत असतात आणि त्यांची कुसं वाऱ्यानेही उडतात. अंगाला लागली तर चोळू नका, पाणी लावू नका. चोळल्याने कुसं आत जातात. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग धुवा, आणि ते कपडे वेगळे ठेवा. दुसरं कारण गोचीड. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून गोचिडांमुळे पसरणारा माकडताप आढळला आहे. कुडाळची ही वाट त्या जंगलातून जात नाही, पण सुक्या पाचोळ्यावर अंग टाकून न झोपण्याची सवय कोकणात कुठेही चांगली. घरी गेल्यावर काखा, कंबर, गुडघ्याची मागची बाजू तपासा.

सापांबद्दल थोडक्यात. कातळावर आणि गडग्यांच्या दगडांत फुरसं असतं, लहान आणि मातीच्याच रंगाचं. गडग्यावर हात टेकून चढू नका, दगड उचलू नका, बसण्याआधी काठी आपटा. चावलाच तर चिरा देणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही करू नका. चावलेला भाग हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा. विषावरचा उतारा तिथे मिळतो.

लोकांच्या अंगणातून

कोकणातली अर्धी वाट कुणाच्या तरी मालकीची असते. बेडं (कुंपणाचं फाटक) लावलेलं असेल तर हाक मारा, उत्तर आल्याशिवाय आत जाऊ नका, आणि आत गेलात तर मागे ते पुन्हा लावा. नाहीतर गुरं भाजीत शिरतात. जानेवारीपासून आंब्याच्या कलमांवर औषधाची फवारणी चालते. फवाऱ्याचा आवाज किंवा उग्र वास आला तर त्या बागेत बसून डबा उघडू नका. काजू-आंबा पडलेला दिसला तरी तो मालकाचाच. बायकांना स्वच्छतागृहाची गरज लागते ती या वाटेवर देवळाशेजारी किंवा थेट घरात विचारून भागते, आणि संकोच न करता विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

इतर नद्यांवर

रोह्याकडे कुंडलिका आहे. कोलाडजवळच्या डोलवहाळ बंधाऱ्यातून कालवे निघतात, आणि कालव्याचा उतार रेल्वेपेक्षाही कमी असतो. सेवा रस्ता मिळाला तर त्याहून सपाट काही नाही. पण अस्तर केलेल्या कालव्याच्या कडा गुळगुळीत असतात, आत पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येत नाही. मुलं पाण्याच्या बाजूला नकोत. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून सोडल्यावर पाऊस नसताना चढतं. तिथलं राफ्टिंग त्याच पाण्यावर चालतं. पात्रातल्या खडकांवर बसू नका.

चिपळूणच्या वाशिष्ठीत कोयनेच्या वीजघरांमधून आलेलं पाणी बारमाही वाहतं, तिथेही तोच नियम. शिवाय वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि त्या हिवाळ्याच्या सकाळी नेमक्या सपाट, उन्हाच्या काठावर येऊन पडतात. तिथे काठापासून निदान दहा-पंधरा पावलं आत राहून चालायचं, पाण्याशी वाकून तोंड धुवायचं नाही आणि कुत्रं बरोबर न्यायचं नाही. खेडच्या जगबुडीलाही हेच.

कुडाळला पोचल्यावर स्टेशनवर जायची घाई नसेल तर आधी बूट काढून पाय थंड पाण्यात दहा मिनिटं ठेवा आणि मग जेवायला बसा. जेवून उठल्यावर सुजलेला पाय बुटात जात नाही, म्हणून पिशवीत रबरी चप्पल हवी.